डावीकडून पहिले

सकाळी कपाटांना हात लावून ताई खुर्चीत बसतात न बसतात, तोच शिपायाने त्यांच्या टेबलावर एक पाकीट ठेवलं आणि रोजच्यासारखा गप्पा मारत न थांबता तो तडक निघून गेला. पाकिटात काही चांगलं नाही, हे ताईंना तिथेच कळलं.

पत्र संचालकसाहेबांचं होतं. कला महाविद्यालयाचा चित्रसंग्रह आता संगणकावर जाणार होता. वेगवेगळ्या संस्थांमध्ये चित्रं सांभाळणाऱ्या अकरा जणांसाठी महाविद्यालयाच्याच संगणक-खोलीत तीन दिवसांचं प्रशिक्षण ठेवलं होतं. शेवटच्या दिवशी प्रत्येकाने आपल्या संग्रहातली ऐंशी चित्रं विश्वस्तांना दाखवायची होती. काम समाधानकारक झालं, तर ताई 'प्रतिमासंग्रह व्यवस्थापक' होणार. नाही झालं, तर परीक्षा विभागाच्या तळघरातलं उत्तरपत्रिकांचं गोदाम. 'जुन्या स्लाइड्स यथावकाश निकालात काढण्यात येतील' हे वाक्य सगळ्यांत खाली, जाता जाता चिमटा काढावा तसं लिहिलेलं.

स्लाइड म्हणजे पुठ्ठ्याच्या नाहीतर काचेच्या चौकटीत बसवलेला बोटभर पारदर्शक फोटो. असे अकरा हजार फोटो चव्वेचाळीस खणांत लावून ताई अठ्ठावीस वर्षं बसल्या होत्या आणि म्हणून सगळं महाविद्यालय त्यांना स्लाइडताई म्हणत होतं. एखादे प्राध्यापक धापा टाकत यायचे. "ताई, ती हिरवी द्या. ती बाईची. म्हणजे बाई नाहीये त्यात, पण आत्ताच उठून गेल्यासारखी वाटते ती." अर्ध्या मिनिटात ती हिरवी रिकामी खुर्ची त्यांच्या हातात पडायची. हे कुठल्या यंत्राला जमणार होतं, देव जाणे. पण संचालकसाहेबांना ते विचारणार कोण?

"गोदामात काय वाईट आहे?" संध्याकाळी नवऱ्याने विचारलं. तो नुकताच निवृत्त झाला होता आणि जगातल्या कुठल्याही प्रश्नावर त्याच्याकडे वेळच वेळ होता. "शांत जागा. कोणी हिरवी बाई मागायला येणार नाही."

"तेच वाईट आहे ना! चार वर्षं राहिलीत माझी. ती काय नापास झालेल्यांच्या पेपरांवर बसून काढू?"

"अगं, मग हो ना पास."

"संगणकाचं बटण दाबताना हात थरथरतो माझा."

"माझ्यावर ओरडताना थरथरत नाही तो. तसंच समज," नवरा म्हणाला. ताईंना हसू आलं, पण रात्रभर स्वप्नात मात्र त्या उत्तरपत्रिकाच मोजत होत्या.

पहिले दोन दिवस तसे बरे गेले. प्रशिक्षक तिशीतला, उत्साही आणि कोणी काहीही चुकवलं तरी "छान! यातून शिकू या" म्हणणारा होता. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्याच्या 'छान'ची सगळ्यांना धास्ती बसली होती. ताईंच्या शेजारी एका इस्पितळातले एक्स-रेवाले बसत. तीस वर्षं एक्स-रेच्या फिल्म सांभाळलेल्या त्या गृहस्थांना एकच खोड होती. समोर काहीही आलं, की ते उचलून दिव्यासमोर धरायचं. प्रशिक्षकाने दिलेला टॅब्लेटही त्यांनी पहिल्या दिवशी ट्यूबलाइटसमोर धरला होता आणि मागून काही दिसेना म्हणून तक्रार केली होती.

"ताई, आपण दोघं उजेडावर जगणारी माणसं," ते म्हणाले. "या डब्याच्या पोटातच उजेड भरलाय. मग आपण करायचं काय?"

पण घोड्याने पेंड खाल्ली ती तिसऱ्या दिवशी दुपारी.

स्कॅनर आला. ताईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि तीन दिवसांत पहिल्यांदा त्यांचा जीव भांड्यात पडला. कारण त्याच्यावर स्लाइडी लावायची जी गोल चकती होती, ती थेट त्यांच्या जुन्या प्रोजेक्टरच्या चकतीसारखी होती. ओळखीचं माणूस परक्या गावात भेटावं तसं त्यांना झालं. प्रोजेक्टरमध्ये स्लाइड खाली डोकं, वर पाय अशी घालावी लागते, तेव्हा कुठे पडद्यावर चित्र सरळ दिसतं. त्यासाठी ताईंनी प्रत्येक स्लाइडच्या कोपऱ्यात एक लाल ठिपका दिलेला होता. ठिपक्यावर अंगठा ठेवायचा आणि डोळे मिटून घालायची. "मॅडम, आधी एकच घालून बघा," असं प्रशिक्षक म्हणेपर्यंत ताईंच्या अंगठ्याने ऐंशीच्या ऐंशी स्लाइडी चकतीत बसवल्या होत्या.

"वा! काय वेग आहे!" प्रशिक्षक म्हणाला आणि संचालकसाहेबांनी बोलावलं म्हणून निघून गेला.

स्कॅनर प्रोजेक्टर नव्हता. त्याला जे जसं दिसलं, ते त्याने तसंच्या तसं घेतलं. तासाभराने पडद्यावर ऐंशी चित्रं आली आणि ऐंशीही शीर्षासन करत होती. घोड्यांचे पाय वर, कारंज्यांचं पाणी वर पडतंय, आणि एक नामवंत चित्रकार टाळूवर उभा.

"अहो एक्स-रेवाले," ताई दबक्या आवाजात म्हणाल्या, "माझं वाटोळं झालं."

एक्स-रेवाल्यांनी सवयीने मान तिरकी करून पाहिलं. "एवढंच ना? बटणं आहेत की. ती बघा, 'फिरवा' आणि 'उलटवा'."

"कुठलं दाबू?"

"उलटं झालंय म्हणजे उलटवा!"

ताईंनी 'उलटवा' दाबलं. चित्रकार पायांवर उभा राहिला. त्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. तेवढ्यात यंत्राने नम्रपणे विचारलं, 'सर्वांना लागू करायचं का?' ऐंशी वेळा तेच बटण कोण दाबणार? ताईंनी 'हो' म्हटलं.

आता यंत्राला 'सर्व' म्हणजे ताईंची ऐंशी हे कसं कळावं? अकराही जणांची चित्रं एकाच सामायिक कप्प्यात होती. पुढच्याच क्षणी खोलीभर आरडाओरडा सुरू झाला. वर्तमानपत्राच्या फोटोवाल्यांचे सगळे पुढारी डोक्यावर उभे राहिले. वनस्पती-संग्रहवाल्या बाईंची झाडं मुळं वर करून बसली. एक्स-रेवाल्यांच्या ऐंशी फिल्ममधले बावीस रोगी एकदम उलटे टांगले गेले.

"ताई, हे काय केलंत?"

"तुम्हीच म्हणालात ना, उलटवा म्हणून?"

"तुमचं म्हणालो! माझ्या पेशंटांचं कुठे म्हणालो?"

ताईंवर विसंबण्यात आता अर्थ नाही, असं ठरवून प्रत्येकाने आपापलं 'फिरवा' दाबलं. पुढारी सरळ झाले, झाडं सरळ झाली. मंडळी शांत होत होती, तोच एक्स-रेवाले खुर्चीतून उठले. चेहरा पांढराफटक.

"काळीज उजवीकडे आहे."

"कुणाचं?"

"सगळ्यांचं! बावीसच्या बावीस! ताई, 'फिरवा'ने चित्र पंख्यासारखं फिरतं. 'उलटवा'ने तळ्यातल्या प्रतिबिंबासारखं पालथं होतं, ते सरळ केलं की आरशातल्यासारखं, डाव्याचं उजवं. आमच्याकडे एवढ्यावरून माणसाची भलतीच बाजू कापतील हो!" एवढं बोलून ते थांबले आणि ताईंच्या पडद्याकडे वळले. "म्हणजे तुमचीसुद्धा..."

ताईंनी पाहिलं. घोडा. त्यांचा घोडा अठ्ठावीस वर्षं डावीकडे धावत होता. आता तो उजवीकडे चालला होता.

दहा जणांनी खाली माना घालून आपापली चित्रं एकेक करून सुधारायला घेतली. आपणच घातलेला गोंधळ म्हणून ताई आधी इतरांना मदत करत फिरल्या. आपल्या जागी येऊन त्यांनी माऊसला हात लावला, तोच दार उघडलं. आत संचालकसाहेब, विश्वस्त मंडळाच्या अध्यक्षबाई, चित्रकलेचे ज्येष्ठ प्राध्यापक आणि त्यांच्या मागे आनंदाने फुललेला प्रशिक्षक. मंडळी अर्धा तास लवकर आली होती.

"सगळ्यांची चित्रं संग्रहात दाखल करतो," प्रशिक्षकाने एक बटण दाबत जाहीर केलं. "सादरीकरण चालू असताना आता कोणाला हात लावता येणार नाही. पहिला मान अर्थातच आपल्या ताईंचा!"

ताईंना आता एकच आशा होती. आरशातलं चित्र आरशातलं आहे, हे ते सरळ पाहिलेल्यालाच कळतं. आणि इथे चित्र नीट बघतो कोण?

मातीचं भांडं आलं, ते गेलं. डोंगर आला, तोही गेला. मग घोडा आला आणि ज्येष्ठ प्राध्यापकांना राहवेना. त्या घोड्यावर ते पंचवीस वर्षं व्याख्यान देत होते. ते पडद्याशी जाऊन उभे राहिले. "बघा, नजर डावीकडून प्रवेश करते आणि थेट येऊन थांबते ती या..." त्यांचा हात सवयीने जिथे गेला, तिथे घोड्याच्या नाकपुड्या असायच्या. आज तिथे शेपूट होती. पण पंचवीस वर्षांचा अनुभव काही फुकट जात नाही. "...या शेपटीपाशी. चित्राचं सगळं मर्म या शेपटीत आहे," ते म्हणाले आणि अध्यक्षबाईंनी मान डोलावली.

ताईंच्या जिवात जीव आला. आता उरलेली चित्रं भराभर पुढे ढकलली की झालं, असं त्यांनी ठरवलंही.

"आपल्या संस्थापकांचा फोटो आहे ना यात?" अध्यक्षबाईंनी विचारलं. "तो दाखवा."

संस्थापकांना फोटो काढून घ्यायचा भयंकर तिटकारा होता. त्यांचा उभ्या आयुष्यात एकच फोटो निघाला, महाविद्यालयाच्या इमारतीत नळाला पहिल्यांदा पाणी आलं त्या दिवशीचा. दारासमोर तिघं उभी होती. फोटोवाल्याने फोटोच्या पाकिटावर लिहिलेली ओळ ताईंनी जशीच्या तशी उतरवून घेतली होती. 'डावीकडून: संस्थापक, त्यांच्या पत्नी, नळ जोडणारे कारागीर.' पाकिटातला मूळ फोटो त्याआधीच वाळवीने खाल्ला होता. उरली होती ती स्लाइड. ताई नोकरीला लागण्याच्या कितीतरी आधी याच स्लाइडवरून शिल्पकाराने फाटकाशी उभा असलेला संस्थापकांचा पुतळा घडवला होता. हातात इमारतीच्या पहिल्या आराखड्याची गुंडाळी, नजर दूरवर. त्या नजरेतल्या दूरदृष्टीवर ज्येष्ठ प्राध्यापकांनी चाळीस पानांचा निबंध लिहिला होता.

फोटो पडद्यावर आला. खाली ओळ आली.

"डावीकडून पहिले, हे कोण?" अध्यक्षबाईंनी चष्मा वर केला. "आपले संस्थापक तर उजवीकडे दिसतायत. पुतळ्यातले."

संचालकसाहेबांनी एकदा फोटोकडे आणि एकदा ताईंकडे पाहिलं. "तांत्रिक चूक आहे, बाई. फोटो उलटा लागलाय. चला, आपण चहा घेऊ, तोवर दुरुस्त होईल." ताई, एक्स-रेवाले आणि प्रशिक्षक सोडून सगळे बाहेर पडले. संचालकसाहेब दारात थांबले आणि हळू आवाजात म्हणाले, "ताई, ज्या माणसाच्या संस्थेत अठ्ठावीस वर्षं काढलीत, त्याला तुम्ही नळवाला केलंत. गोदामाची किल्ली उद्या घेऊन जा."

ताई पुन्हा पडद्यासमोर येऊन बसल्या. चूक त्यांचीच होती. चार वर्षं तळघरात, आणि वर अकरा हजार स्लाइडी भंगारात. त्यांचे डोळे भरून आले. आपण केलेला घोळ निदान जवळून तरी पाहावा, म्हणून त्यांनी फोटो मोठा केला. स्लाइडमध्ये मोहरीएवढी दिसणारी दारावरची पाटी पडदाभर झाली.

मागून एक्स-रेवाल्यांचा आवाज आला. "ताई, ही पाटी मला वाचता येतेय."

"मग?"

"मग काय मग! फोटो उलटा असता तर अक्षरं आरशातली दिसली असती. ही सुलट आहेत."

ताईंनी डोळे पुसले. पाटी खरंच सुलट होती. 'कला विद्यालय. आत येताना पाय पुसावेत.' त्यांनी प्रशिक्षकाकडे पाहिलं. प्रशिक्षकाने पाटीकडे पाहिलं आणि तीन दिवसांत पहिल्यांदाच त्याला 'छान' सुचलं नाही.

"म्हणजे ज्याने कोणी ही स्लाइड काचेत बसवली, त्याने ती उलट्या अंगाने बसवली," ताई सावकाश म्हणाल्या. "मी त्याच्यावर विश्वास ठेवून ठिपका दिला. इतकी वर्षं ती मुळात उलटी होती आणि आज मी ती चुकून सुलट केली."

"उजवीकडच्या माणसाचा हात मोठा करा," एक्स-रेवाले म्हणाले.

ताईंनी केला. पुतळ्यातली ती आराखड्याची गुंडाळी पडदाभर झाली. तो नळाचा पाना होता. ताईंनी नजर कुठे जातेय तेही पाहिलं. दूरवर कुठेही जात नव्हती. दोन हातांवरचा एक नळ गळत होता, कारागिराची नजर त्या नळावर खिळली होती.

"संचालकसाहेब," ताईंनी दाराकडे पाहून हाक मारली, "जरा आत येता?"

संचालकसाहेब आले, त्यांनी पाटी वाचली, पाना पाहिला आणि हळूच खुर्चीत बसले. पुढच्या महिन्यातल्या समारंभाची स्मरणिका छापून आली होती. दोन हजार प्रती, मुखपृष्ठावर पुतळा.

"हे कोणी कोणी पाहिलं?"

"आपण चौघांनी," प्रशिक्षक म्हणाला.

"ताई," साहेबांचा आवाज एकदम मऊ झाला, "ते जे काही बटण आहे ना तुमचं, ते पुन्हा एकदा दाबा. पहिल्यासारखं करून टाका. गोदामाचं मी बघतो काय करायचं ते."

म्हणजे एक बटण दाबलं की चव्वेचाळीस खण, खिडकीजवळची खुर्ची, हिरवी बाई, सगळं परत मिळणार होतं. ताईंचं बोट माऊसपर्यंत गेलं. पण अठ्ठावीस वर्षं त्यांनी एकच काम केलं होतं, चित्राखाली खरं नाव लिहायचं. बोट तिथेच थांबलं.

"दाबते की," त्या म्हणाल्या. "पण काल शिकवलंय आम्हाला. चित्र संग्रहात दाखल झालं, की त्यातला प्रत्येक बदल लिहून ठेवावा लागतो. कोणी केला, किती वाजता, कोणाच्या आदेशावरून, का. नोंद भरल्याशिवाय यंत्र पुढे जातच नाही. आदेश, संचालक. वेळ, चार वाजून दहा मिनिटं. कारण काय लिहू, साहेब?"

"ते पुसता येत असेल ना?"

"नाही, सर," प्रशिक्षक अभिमानाने म्हणाला. "शंभर वर्षांनीही दिसेल. तीच तर गंमत आहे!"

संचालकसाहेबांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की ती गंमत त्याच्या घशातच राहिली. तेवढ्यात अध्यक्षबाई चहाचा कप हातात घेऊनच आत आल्या. "झालं का दुरुस्त?"

साहेब खुर्चीतून उठले. पण माणूस संचालक काही उगाच झालेला नव्हता. "बाई, एक आनंदाची बातमी आहे. आमच्या ताईंनी नव्या तंत्राच्या मदतीने एक फार जुनी चूक शोधून काढलीय!"

"साहेब, खरं सांगायचं तर माझ्याकडून चुकून झालं," ताई म्हणाल्या.

"बघा! किती हा नम्रपणा!"

अध्यक्षबाईंनी पाटी पाहिली, पाना पाहिला, गळका नळ पाहिला. मग त्या इतक्या हसल्या, की कप खाली ठेवावा लागला. "म्हणजे इतकी वर्षं मी येता-जाता नळवाल्याला नमस्कार करत होते! बरं झालं. इमारतीत पाणी तरी त्याने आणलं. पुतळा राहू दे, खालचं नाव बदला. संस्थापकांना तसाही फोटोचा तिटकाराच होता." मग त्या एकदम गंभीर झाल्या. "अशा उलट्या आणखी किती असतील?"

"अकरा हजारांत?" ताई म्हणाल्या. "मूळ स्लाइड हातात घेऊन एकेक तपासावी लागेल. चारेक वर्षं सहज जातील."

"मग तपासा. आणि साहेब, ते निकालात काढायचं वगैरे काही ऐकलं होतं मी, ते राहू द्या."

साडेपाचला नेमणुकीचं पत्र टाइप झालं. शिपायाने ते आणून दिलं आणि या वेळी तो पंधरा मिनिटं गप्पा मारत उभा राहिला. एक्स-रेवाले आपले बावीस रोगी, काळीज ज्याच्या त्याच्या जागी, घेऊन निघाले. जाताना त्यांनी ताईंचं प्रमाणपत्र उचललं, ट्यूबलाइटसमोर धरलं आणि "निदान नॉर्मल आहे" म्हणून परत दिलं.

खोली रिकामी झाल्यावर ताई पुन्हा संगणकासमोर बसल्या. संस्थापक आपल्या जागी पोचले होते खरे, पण बाकीची एकोणऐंशी चित्रं अजून आरशातच होती. घोडा चुकीच्या दिशेने धावत होता. ज्येष्ठ प्राध्यापक शेपटीचं मर्म लिहून काढण्याआधी त्याला वळवायला हवं होतं. ताईंनी ठामपणे 'उलटवा' दाबलं, मग 'फिरवा'. यंत्राने नम्रपणे विचारलं: बदल कोणी केला? त्यांनी नाव लिहिलं. पदनाम? 'प्रतिमासंग्रह व्यवस्थापक', हे त्यांनी सावकाश, एकेक अक्षर चवीने टाइप केलं. मग शेवटचा रकाना उघडला. कारण?

ताईंनी इकडेतिकडे पाहिलं. कोणी नव्हतं. पण शंभर वर्षांनी कोणीतरी असणार होतं. त्यांनी लिहिलं: 'चूक. माझी.'

असं त्यांनी एकोणऐंशी वेळा लिहिलं. मग ऐंशीवा, संस्थापकांचा फोटो उघडला आणि त्यात काहीही न बदलता शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: 'ही चूकसुद्धा माझीच. कृपया कोणीही दुरुस्त करू नये.'